वसतिगृहांतील सामायिक धुलाई व्यवस्था आणि स्मार्ट तंत्रज्ञान : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन वसतिगृहांत सामायिक वॉशिंग मशीन बसविल्यानंतर रांग, वाद, पाण्याचा अपव्यय व यंत्रांची नादुरुस्ती असे प्रश्न निर्माण होतात. त्यांवर उपाय म्हणून संवेदक, मोबाईल व इंटरनेट यांवर आधारित स्मार्ट व्यवस्था सुचविली जाते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे कार्य कसे चालते, हे स्पष्ट केले असून बुलडाणा जिल्ह्यातील पाणी, वीज व सामाजिक परिस्थितीत तिचा उपयोग कोणत्या अटींवर होऊ शकेल, याची चर्चा केली आहे. पाळीचे न्याय्य नियम आधी ठरविले गेले तरच हे तंत्रज्ञान उपयुक्त ठरते, अन्यथा ते जुनीच विषमता नव्या स्वरूपात चालू ठेवते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वसतिगृह, सामायिक साधने, धुलाई व्यवस्था, संवेदक, पाणी नियोजन, गोपनीयता.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराच्या इतिहासात वसतिगृहांचे स्थान अनन्यसाधारण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंगची स्थापना केली. स्वतःची कामे स्वतः करणे, हा या वसतिगृहांच्या शिक्षणाचाच भाग होता. आपले कपडे आपण धुणे ही त्यांपैकीच एक गोष्ट होय.

बुलडाणा जिल्ह्यातही उच्च शिक्षणाच्या विस्ताराबरोबर वसतिगृहांची गरज वाढत गेली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठाची, म्हणजेच आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची, स्थापना झाली आणि त्याच वर्षी शेगाव येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आज बुलडाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव आदी ठिकाणी ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी महाविद्यालयांच्या, शासनाच्या व खासगी वसतिगृहांत राहून शिक्षण घेतात.

वसतिगृहांविषयीच्या चर्चेत भोजन, निवास, अभ्यासिका व शिस्त यांचा विचार होतो. कपडे धुणे हा मात्र चर्चेस योग्य विषय मानला जात नाही. वस्तुतः विद्यार्थ्याच्या आठवड्यातील काही तास, त्याची स्वच्छता, आरोग्य व सहनिवासातील सलोखा या साध्या कामाशी निगडित असतात. म्हणून या विषयाचा स्वतंत्रपणे विचार होणे गरजेचे आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) सामायिक धुलाई व्यवस्थेतील मूळ प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.
(२) स्मार्ट तंत्रज्ञानाची रचना व तिच्या मर्यादा समजावून सांगणे.
(३) बुलडाणा जिल्ह्याच्या परिस्थितीस अनुरूप अशा व्यवस्थेची रूपरेषा मांडणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. विवेचनात घेतलेले वसतिगृहाचे गणित हे उदाहरणादाखल असून ते कोणत्याही विशिष्ट संस्थेचे नाही. प्रत्येक महाविद्यालयाने त्यात आपापले आकडे घालून पाहावेत, अशी अपेक्षा आहे.

३. प्रश्न यंत्रांच्या संख्येचा की पाळीच्या नियोजनाचा?

रांग लागली की यंत्रे कमी पडतात, असा निष्कर्ष सहसा काढला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. समजा, एका वसतिगृहात १२० विद्यार्थी व ४ पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन आहेत. प्रत्येक विद्यार्थी आठवड्यातून एकदा कपडे धुतो, एका धुलाईस कपडे भरणे व काढणे धरून एक तास लागतो आणि धुलाईची खोली रोज ५ तास उघडी असते, असे मानू. आठवड्याची एकूण क्षमता ४ × ५ × ७ म्हणजे १४० धुलाया इतकी होते. गरज १२० ची आहे. म्हणजे यंत्रे पुरेशी आहेत.

तथापि, प्रत्यक्षात १२० विद्यार्थी सात दिवसांत समप्रमाणात विभागले जात नाहीत. रविवार हाच धुण्याचा वार ठरलेला असतो. त्यांपैकी ४० टक्के, म्हणजे ४८ विद्यार्थी रविवारी आले, तर त्या दिवसाची २० धुलायांची क्षमता कितीतरी अपुरी पडते. सर्वांची सोय करावयाची झाल्यास चारही यंत्रे सलग १२ तास चालवावी लागतील. याच वसतिगृहात बुधवारी दुपारी मात्र यंत्रे रिकामी असतात.

पाण्याचे गणित याहून महत्त्वाचे आहे. वरून कपडे टाकावयाच्या पूर्ण स्वयंचलित यंत्रास एका धुलाईसाठी ढोबळमानाने १०० लिटर पाणी लागते, असे धरू. रविवारच्या ४८ धुलायांना ४,८०० लिटर पाणी लागेल. ५,००० लिटरची टाकी त्यातच जवळजवळ रिकामी होते. भारतीय मानक ११७२ नुसार वसतिगृहासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्या हिशेबाने १२० विद्यार्थ्यांची रोजची एकूण गरज १६,२०० लिटर आहे. म्हणजे एकट्या रविवारच्या धुलाईने दिवसाच्या पाण्याच्या सुमारे ३० टक्के वाटा घेतला. हीच धुलाई सात दिवसांत विभागली, तर रोज १८ पर्यंत धुलाया होतील व पाणी १,८०० लिटर, म्हणजे सुमारे ११ टक्के लागेल.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. पुढची पाळी केव्हा मिळेल याची खात्री नसली, की मिळालेले यंत्र विद्यार्थी चार कपड्यांसाठीही चालवितो. अर्धे भरलेले यंत्रही बहुधा पुष्कळ पाणी घेते. अनिश्चिततेमुळे अशा रीतीने अपव्यय वाढतो. त्यामुळे पाचवे यंत्र विकत घेण्यापूर्वी असलेल्या चार यंत्रांच्या पाळ्यांचे नियोजन करणे हे अधिक शहाणपणाचे ठरते.

४. बुलडाणा जिल्ह्याची परिस्थिती

जिल्ह्यातील लोक आपल्या प्रदेशाचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग करतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे पडलेला हा भेद धुलाईच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

घाटावर पाण्याच्या उपलब्धतेचा प्रश्न प्रमुख आहे. बुलडाणा शहरास पैनगंगेवरील येळगाव धरणातून पाणीपुरवठा होतो. पर्जन्यमान कमी झालेल्या वर्षी धरणातील साठा घटतो. उन्हाळ्यात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येणे हा जिल्ह्यातील अनेक शहरांचा परिचित अनुभव आहे. अशा वेळी यंत्र मोकळे आहे, ही माहिती अपुरी असते. टाकीत पाणी किती आहे, हेही कळणे तितकेच आवश्यक असते.

घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचे काही भाग त्यात येतात. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक असते. ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यात साबणाचा फेस सहजासहजी होत नाही. साबण व क्षार यांच्या संयोगाने न विरघळणारा साका तयार होतो, तो कपड्यांना चिकटतो आणि यंत्राच्या झडपा व नळ्यांत थर साचतो. परिणामी विद्यार्थी अधिक साबण टाकतो, अधिक वेळा खळबळतो आणि पाणी आणखी खर्च होते. ज्या वसतिगृहात विंधन विहिरीचे व नळाचे अशी दोन्ही प्रकारची पाणी आहेत, तेथे यंत्राला कोणते पाणी जोडावे, हा निर्णय कोणत्याही मोबाईल ॲपपेक्षा आधी घ्यावा लागतो.

विजेची अनियमितता हा तिसरा घटक होय. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. आज परिस्थिती बरीच सुधारली असली, तरी वादळवारा, बिघाड व देखभालीमुळे वीज खंडित होणे थांबलेले नाही.

मात्र एक गोष्ट या प्रदेशास अनुकूल आहे. विदर्भातील उन्हामुळे वर्षातील बहुतेक महिने कपडे गच्चीवरच्या दोरीवर लवकर वाळतात. म्हणून थंड हवेच्या देशांत अनिवार्य ठरलेले वीजखाऊ ड्रायर येथे अनावश्यक आहेत. पावसाळ्यात मात्र यंत्राऐवजी वाळत घालण्याची जागा कमी पडते. त्या चार महिन्यांत पाळी यंत्राची नव्हे, तर दोरीची लावावी लागते, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

५. स्मार्ट तंत्रज्ञानाची रचना

दूर असलेल्या सामायिक वस्तूची स्थिती जागेवर बसून जाणून घेण्याची कल्पना विद्यापीठांच्या परिसरातच जन्मास आली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ च्या सुमारास शीतपेयाचे यंत्र संगणकजाळ्यास जोडण्यात आले. यंत्रात बाटल्या आहेत काय व त्या थंड झाल्या आहेत काय, हे विद्यार्थ्यांना आपल्या संगणकावर कळत असे. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रँडम हॉल या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी आपली धुलाई यंत्रे इंटरनेटला जोडली. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत लाँड्रीव्ह्यू यांसारख्या व्यावसायिक सेवांनी अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत ही सोय उपलब्ध करून दिली.

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला भाग संवेदकाचा. यंत्राला जाणाऱ्या विजेच्या एका तारेभोवती चिमट्यासारखा विद्युतप्रवाह संवेदक बसविला, की तार न कापता प्रवाह मोजता येतो. दुसरा भाग सूक्ष्मनियंत्रकाचा. २०१४ मध्ये बाजारात आलेल्या ई.एस.पी. ८२६६ सारख्या वाय-फाययुक्त सूक्ष्मनियंत्रकांमुळे हे काम अल्प खर्चात होऊ लागले. तिसरा भाग माहिती दाखविण्याचा. त्यासाठी मोबाईल, संगणक किंवा भिंतीवरील साधा दिवाही चालतो.

वरकरणी हे सोपे वाटते. प्रवाह असेल तर यंत्र चालू, नसेल तर मोकळे. प्रत्यक्षात यात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण अशी की, धुलाईच्या मध्येच यंत्र काही काळ थांबते. कपडे भिजत असताना किंवा पाणी भरले जात असताना मोटार बंद असते व प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो. त्याच क्षणी यंत्र मोकळे असल्याचा संदेश गेला, तर पुढचा विद्यार्थी व्यर्थ जिने उतरून येतो. म्हणून प्रवाह ठरावीक मर्यादेखाली सलग काही मिनिटे राहिला तरच धुलाई संपली, असे मानावे लागते. ही मिनिटे किती असावीत, हे प्रत्येक यंत्राचे निरीक्षण करूनच ठरविता येते.

दुसरी अडचण वीज खंडित होण्याची आहे. वीज गेली तरी प्रवाह शून्य व धुलाई संपली तरी प्रवाह शून्य. केवळ प्रवाह मोजणाऱ्या संवेदकाला हा फरक कळत नाही. जेथे वीज क्वचितच जाते, त्या देशांत तयार झालेल्या आराखड्यांत याचा विचार असेलच असे नाही. आपल्याकडे मात्र वाहिनीत दाब आहे किंवा नाही, हे स्वतंत्रपणे तपासण्याची सोय व नियंत्रकासाठी लहान बॅटरी अत्यावश्यक ठरते.

तिसरी अडचण म्हणजे, धुलाई संपली याचा अर्थ यंत्र रिकामे झाले असा होत नाही. कपडे आतच असतात व मालक वर्गात असतो. दुसऱ्याचे ओले कपडे बाहेर काढून ठेवण्यावरून वसतिगृहात वाद होतात. यावर झाकणाला चुंबकीय संवेदक बसविणे हा उपाय आहे. धुलाईनंतर झाकण उघडले गेले तर कपडे काढले, असे अनुमान करता येते. अशा रीतीने यंत्राच्या 'चालू', 'कपडे काढणे बाकी', 'मोकळे' व 'वीज नाही' या चार अवस्था दाखविणारी व्यवस्थाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. तिला टाकीतील पाण्याची पातळी दाखविणारा संवेदक जोडल्यास ती येथील गरजेस अनुरूप होईल.

अनेक वसतिगृहांत दोन टाक्यांची अर्धस्वयंचलित यंत्रे असतात. त्यांत पाणी भरणे, कपडे एका टाकीतून दुसरीत टाकणे ही कामे हातानेच करावी लागतात व विद्यार्थी यंत्राजवळच असतो. अशा ठिकाणी संवेदकाचा लाभ मर्यादित आहे. तेथे पाळीची आगाऊ नोंदणी एवढे एकच साधन पुरेसे ठरू शकते.

६. पाळीचे नियम : तंत्रज्ञानापूर्वीची पायरी

स्मार्ट व्यवस्था येण्यापूर्वीही वसतिगृहांत एक व्यवस्था असतेच. नळाजवळ वा यंत्राजवळ बादली नंबरात लावणे ही ती व्यवस्था होय. बादली हीच तेथे विद्यार्थ्याच्या पाळीची नोंद असते. परंतु ज्येष्ठ विद्यार्थ्याची बादली पुढे सरकते व प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची मागे राहते. नियम लिहिलेले नसल्यामुळे तक्रार कोणाकडे व कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न उरतो.

मर्यादित साधन अनेकांनी न्यायाने वापरण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. धुळे-नाशिक परिसरातील फड पद्धतीत शेतकरी एकत्रितपणे पाण्याची वाटणी करीत व पाटकरी ती अमलात आणीत असे. कालव्याच्या सिंचनातील शेजपाळीमागेही ठरलेल्या क्रमाने प्रत्येकास पाणी देण्याचे तत्त्व आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक साधनांचा ऱ्हास अटळ असल्याचे मत मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात मात्र जगभरातील उदाहरणांच्या आधारे असे दाखवून दिले की, वापरकर्त्यांनी स्वतः ठरविलेले नियम, परस्परांवर देखरेख, सौम्य व क्रमाक्रमाने वाढणारा दंड आणि तंटा मिटविण्याची सोपी सोय असल्यास सामायिक साधने टिकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वसतिगृहास हे विचार सहज लागू करता येतात. प्रत्येकास आठवड्यात एक हक्काची पाळी असावी. रविवारच्या पाळ्या सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने मिळाव्यात. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांत विद्यार्थी न आल्यास पाळी पुढच्यास जावी. प्रात्यक्षिक परीक्षा, आजारपण किंवा पाळीच्या काळातील विद्यार्थिनींची गरज यांसाठी काही पाळ्या राखीव असाव्यात व त्यासाठी कारण विचारले जाऊ नये. हे नियम विद्यार्थ्यांच्या समितीने गृहपालांच्या उपस्थितीत ठरवावेत. संगणक सांगितलेला नियमच पाळतो. नियमच अन्याय्य असेल, तर तो अन्यायही तितक्याच काटेकोरपणे पाळला जाईल.

७. समता, गोपनीयता व उपजीविका

स्मार्ट व्यवस्थेमुळे तीन गंभीर प्रश्न उपस्थित होतात. पहिला समतेचा. केवळ मोबाईल ॲपवरून पाळी मिळत असेल, तर ज्या विद्यार्थ्याकडे साधा फोन आहे किंवा ज्याचे रिचार्ज संपले आहे, तो रांगेतून आपोआप बाहेर पडतो. मागास व गरीब घरांतील विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या वसतिगृहात असे घडणे हे त्या वसतिगृहाच्या हेतूशीच विसंगत आहे. म्हणून दर्शनी भागात यंत्रांची अवस्था दाखविणारे दिवे व पाळीची छापील वही या दोन्ही गोष्टी कायम असाव्यात. ऑनलाईन व वहीतील पाळ्यांचे प्रमाणही आधीच ठरवावे.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. कोण, केव्हा, किती वेळा कपडे धुतो, ही माहिती क्षुल्लक वाटते. परंतु तिच्यावरून व्यक्तीची उपस्थिती, दिनचर्या व खासगी बाबींविषयी अनुमाने काढता येतात. मुलींच्या वसतिगृहात याचे गांभीर्य अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले व २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यामुळे फलकावर नाव न दाखविता केवळ यंत्राची अवस्था दाखवावी, पाळीच्या नोंदी थोड्या दिवसांनी पुसून टाकाव्यात आणि धुलाईच्या खोलीत कॅमेरा लावू नये, ही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. सुरक्षिततेकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील दोन विद्यार्थ्यांनी सीएससी सर्व्हिसवर्क्स या कंपनीच्या ॲपमधील त्रुटी उघडकीस आणली. पैसे न भरता यंत्रे चालू करणे तिच्यामुळे शक्य होत होते. मोठ्या कंपनीच्या व्यवस्थेतही अशी त्रुटी राहू शकते, हे यावरून दिसते.

तिसरा प्रश्न उपजीविकेचा. आपले विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते संत गाडगे बाबा परीट समाजात जन्मले आणि त्यांनी स्वच्छतेलाच लोकशिक्षणाचे माध्यम बनविले. आजही वसतिगृहांच्या आसपास धुलाई व इस्त्रीवर पोट भरणारी कुटुंबे आहेत. यंत्रे आली म्हणून त्यांचा संबंध तोडण्याऐवजी चादरी, पडदे, अभ्रे यांची धुलाई व इस्त्रीचे काम ठरलेल्या दराने त्यांच्याकडे द्यावे. यंत्रांची दैनंदिन देखभाल व धुलाईच्या खोलीची व्यवस्था हे मानधनाचे कामही त्यांना प्रशिक्षण देऊन सोपविता येईल.

८. अंमलबजावणीचे टप्पे

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयांना पुढील क्रम सुचविता येईल.

(१) पहिल्या महिन्यात कोणतेही यंत्र वा ॲप न घेता केवळ वहीत नोंद ठेवावी. कोणत्या वारी, कोणत्या वेळी, किती धुलाया झाल्या, हे त्यातून कळेल.
(२) पाण्याची तपासणी करून यंत्रास कोणते पाणी जोडावे, ते ठरवावे.
(३) विद्यार्थी समितीने पाळीचे नियम ठरवून ते मराठीत फलकावर लावावेत.
(४) त्यानंतर एका यंत्रावर संवेदक बसवून एक सत्र प्रयोग करावा. अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन वा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. ओल्या जागेतील वीजजोडणी मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. भूसंपर्कन व गळती झाल्यास वीज तोडणारे उपकरण यांत तडजोड करू नये.
(५) सत्राच्या शेवटी वहीतील जुन्या नोंदींशी तुलना करावी. रविवारची गर्दी घटली काय, पाणी वाचले काय व प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पाळी मिळू लागली काय, या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच विस्तार करावा.

यातील पाचव्या टप्प्यातील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पहिली दोन उत्तरे अनुकूल आणि तिसरे प्रतिकूल असेल, तर व्यवस्था कार्यक्षम झाली, पण न्याय्य झाली नाही, असेच म्हणावे लागेल.

९. समारोप

सामायिक धुलाई व्यवस्थेतील स्मार्ट तंत्रज्ञान नवे पाणी निर्माण करीत नाही व नवे यंत्रही देत नाही. असलेल्या साधनांविषयीची माहिती ते सर्वांना एकाच वेळी उपलब्ध करून देते. ही माहिती न्याय्य नियमांच्या चौकटीत वापरली गेली, तर रांग कमी होईल, पाणी वाचेल व विद्यार्थ्यांचा वेळ अभ्यासासाठी मोकळा होईल. बुलडाणा जिल्ह्यात या व्यवस्थेचा आराखडा करताना टाकीतील पाण्याची पातळी, खारे पाणी, खंडित वीज, पावसाळ्यातील दोरी आणि साधा फोन वापरणारा विद्यार्थी या पाच गोष्टी केंद्रस्थानी ठेवाव्या लागतील. परदेशातील तयार आराखडा जसाच्या तसा आणून हे साधणार नाही. त्यासाठी आपल्या महाविद्यालयांतील प्राध्यापक, गृहपाल व विद्यार्थी यांनीच पुढाकार घेणे अगत्याचे आहे. त्याची सुरुवात धुलाईच्या खोलीत टांगलेल्या एका नोंदवहीपासून करता येईल.